दुसऱ्या फेरीतले 21 सेकंद

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावातून 22 वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. बी.ए. झाली आहे, पोलीस भरतीची तयारी करते आहे आणि ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, साधारण तीन महिने उरलेत. 800 मीटरला तिला 3 मिनिटं 5 सेकंद लागतात. 20 पैकी 20 गुण हवेत तर 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत यायला हवं. ती लिहिते, "पहिली फेरी 82 सेकंदांत होते, पण दुसरीला पाय उचलतच नाहीत, 103 लागतात. माझे पाय कमजोर आहेत." माळावर तिच्यासोबत पळणारी मुलं पायाला वाळूच्या पिशव्या बांधतात. शिरवळच्या एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या तिच्या दादानं ते पाहिलं आणि ओव्हरटाइमच्या पैशांतून तिच्यासाठी वजनाचे बूट मागवले. तळव्यात लोखंडी पट्टी आहे, एकेक बूट सव्वा किलोचा. पाच आठवडे ती रोज ते घालून पळते आहे. वेळ तसूभरही सुधारलेली नाही. बारा दिवसांपासून डाव्या नडगीची आतली कड दुखते, म्हणून फडकं आवळून बांधते आणि पळते. तिचे प्रश्न तीन आहेत: मुलांना चालतं ते मला का झेपत नाही? बूट काढले तर दादाला काय वाटेल? आणि दुखतंय म्हणजे पाय तयार होतायत, असंच ना?

*

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर थांबले. ती ओळ दादाच्या बुटांची नाही आणि दुखण्याचीही नाही. पहिली फेरी 82, दुसरी 103, ही ती ओळ. हे आकडे तू तक्रार म्हणून लिहिलेस, पण तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्यांतच आहे.

त्याआधी नडगीचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. आज संध्याकाळपासून धावणं बंद. फडकं बांधून नाही, हळू नाही, "फक्त दोन फेऱ्या" नाही. दुखणं म्हणजे पाय तयार होत असल्याची खूण, हा समज आपल्याकडच्या प्रत्येक मैदानावर आहे आणि त्यानं अनेक चांगल्या पोरींची भरती हुकवली आहे. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या ठणकतात ते वेगळं. ते दुखणं मांसात असतं, दोन्ही पायांत सारखं असतं आणि दोन-तीन दिवसांत निघून जातं. तुझं दुखणं एकाच पायात आहे, हाडाच्या कडेला आहे आणि बारा दिवस झाले तरी तिथंच आहे.

आता खाटेवर बस आणि बोटाच्या टोकानं नडगीची आतली कड वरपासून खालपर्यंत दाबत ये. वीतभर पट्टा सगळीकडे सारखाच हुळहुळत असेल, तर बहुधा हाडाच्या आवरणावर आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंवर ताण आला आहे. वेळीच थांबलीस तर काही आठवड्यांत बरं होईल. पण एका ठरावीक ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बोट टेकताच कळ गेली, रात्री झोपेतही ठणका लागत असला, किंवा त्या एका पायावर उडी मारता येत नसली, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायला हवी. मग उपजिल्हा रुग्णालयात किंवा सिव्हिलला हाडांच्या डॉक्टरांना दाखव. एक लक्षात ठेव: अशी चीर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून लगेच माळावर जाऊ नकोस. डॉक्टरांना स्पष्ट सांग की मी भरतीसाठी रोज पळते, पाच आठवडे सव्वा किलोचे बूट घालून पळत होते, आणि बोट ठेवून जागा दाखव.

पत्रात नसलेली एक गोष्ट विचारते. पाळी वेळेवर येते का? सरावाच्या काळात दोन-तीन महिने आली नाही आणि "बरंच झालं, कटकट गेली" असं वाटलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. अंग पळतंय जास्त आणि पोटात जातंय कमी, असं झालं की शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडं विरळ व्हायला लागतात. तसंच रक्त तपासून हिमोग्लोबिन बघ. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे आणि रक्त कमी असलेली मुलगी दुसऱ्या फेरीत नेमकी तशीच ढेपाळते जशी तू ढेपाळतेस. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात. मुलांना चालतं ते मला का झेपत नाही, या तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कदाचित त्या एका चिठ्ठीवर असेल. उरलेलं अर्धं उत्तर असं की मुलांना चालतंच असं नाही. पायाला पिशव्या बांधणाऱ्यांतली किती जणं मध्येच गायब होतात आणि महिनाभरानं लंगडत परत येतात, ते जरा आठवून बघ.

आता बुटांकडे येते. दादाचा हिशोब वरवर पाहता बरोबर वाटतो. वजन उचललं की दंड भरतो, मग पायाला वजन बांधलं की पाय भरेल. पण पळताना पाय दोन वेगळी कामं करतो. एकदा तो जमिनीवर टेकून तुझं सगळं अंग तोलतो आणि पुढं ढकलतो. मग तो हवेत मागून पुढं येतो. ताकद लागते ती पहिल्या कामाला: मांडी, खुबा, पोटरी सगळ्या तिथं राबतात. आणि नेमक्या त्याच क्षणी बूट जमिनीवर असतो. त्याचं वजन तेव्हा जमीन पेलते, तू पेलत नाहीस. बुटाचा भार तुझ्यावर येतो तो पाय हवेत असताना, आणि तो उचलतात जांघेपाशी असलेले, गुडघा वर ओढणारे स्नायू. म्हणजे तू जे बळकट करायला निघालीस त्याला बूट शिवतही नाही. ज्याला शिवतो ते मात्र थकून जातं.

त्यात वजन अगदी टोकाला आहे. टिकाव दांड्याच्या मधे धरला तर हलका वाटतो, टोकाशी धरून फिरवला तर मनगट भरून येतं, टिकाव तोच असला तरी. पाय खुब्यातून झुलतो आणि बूट त्याच्या शेवटच्या टोकाला आहे. पुढं आलेला तो जड पाय टेकायच्या आधी आवरायचं काम मांडीमागच्या स्नायूंकडे येतं. वीस मिनिटांच्या धावण्यात एकेक पाय साधारण 1700 वेळा असा पुढं येतो. पळताना मांडीमागची शीर भरते असं आपण म्हणतो, ती याच क्षणी. वर त्या लोखंडी पट्टीमुळे तळवा वाकत नाही, चवड्यावरून पुढं जायला मिळत नाही, आणि धक्का नडगीकडं जातो. तुझी नडगी का दुखते, यात मला फारसं गूढ दिसत नाही.

या खर्चाचं मोजमाप झालेलं आहे. प्रत्येक बुटात 100 ग्रॅम वाढले की त्याच वेगानं पळायला साधारण 1 टक्का जास्त ऊर्जा लागते. पळायचा साधा बूट 250 ग्रॅमच्या आसपास असतो, तुझा सव्वा किलोचा. म्हणजे जास्तीचा भार 1 किलो आणि खर्च सुमारे 10 टक्के जास्त. इतकं ओझं घेऊन कुणीही तोच वेग राखू शकत नाही. मग होतं काय, तर पाऊल आखूड पडतं, गती उतरते, पाय फरफटतो, आणि अंग तीच ढब पाठ करून ठेवतं. पाच आठवडे तू जोरात पळायचा सराव केला नाहीस. जड पायांनी सावकाश पळायचा सराव केलास.

तू म्हणशील, पण ताई, बूट काढल्यावर पाय पिसासारखे हलके वाटतात. वाटणारच. डोक्यावरची भरली घागर उतरवली की मान उंच झाल्यासारखी वाटते, म्हणून काही मान उंच होत नाही. पाय हलके वाटतात तेव्हा घड्याळ काय म्हणतं ते बघायचं. तुझ्या घड्याळानं पाच आठवडे 3 मिनिटं 5 सेकंदच सांगितले आहेत, आणि तू प्रामाणिकपणे ते लिहिलंस याचं मला कौतुक आहे.

दादाच्या मोबाइलवर एका जगज्जेत्या धावपटूचा व्हिडिओ आहे, तो लष्करी बूट घालून सराव करायचा, असंही तू लिहिलंस. तो एमिल झाटोपेक असणार. चेकोस्लोव्हाकियाच्या या सैनिकानं 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 5000 मीटर, 10000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं जिंकली. जड बुटांत पळायचा हे खरं आहे. पण त्याला सगळं जग मानतं ते वेगळ्या गोष्टीसाठी: 400 मीटर जोरात, मधे थोडं सावकाश, पुन्हा 400 मीटर, असे डझनांनी तुकडे तो एका दिवसात करायचा. तो बुटांमुळे जिंकला नाही. बूट असूनही जिंकला, आणि त्याच्यामागं अनेक वर्षांचं धावणं होतं.

त्याच हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. त्यांचे पाय तालमीत घडले. तालीम म्हणजे जोर आणि बैठका, पाय मातीत रोवलेले आणि सगळ्या अंगाचा भार मांड्यांवर. आपल्याकडच्या आखाड्यांत भार वाढवायचा असला की पैलवान दगडी कडं गळ्यात घालून बैठका मारतात. घोट्याला बांधत नाहीत. वजन धडाजवळ ठेवायचं आणि पायांनी ते उचलायचं, ही समज त्यांना कुणी प्रयोगशाळेत शिकवली नव्हती. अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी 1969 मध्ये मोजून दाखवलं की पायावर बांधलेलं वजन चालताना तेवढ्याच धडावरच्या वजनाच्या चार ते सहा पट महाग पडतं. आपले वस्ताद त्याच्या कितीतरी आधीपासून कडं गळ्यातच घालायला लावत होते.

मग वजनाच्या बुटांचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि चांगला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचे तरुण डॉक्टर होते. गुडघ्याला, मांडीच्या हाडाला मार लागलेले सैनिक महिनोन्महिने पडून राहायचे आणि त्यांच्या मांड्या वाळून काठ्या व्हायच्या. हलकं वजन पुष्कळ वेळा उचलायचं, ही तेव्हाची रीत. डीलॉर्मनी ती उलटी केली. सैनिकाला टेबलाच्या कडेला बसवायचं, पाय खाली सोडायचे, पावलाला लोखंडी बूट बांधायचा, त्यात चकत्या अडकवायच्या आणि गुडघा सावकाश सरळ करायला लावायचा. भार कमी फेऱ्यांचा, पण जड, आणि आठवड्यागणिक वाढवत न्यायचा. 1945 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि आज प्रत्येक फिजिओथेरपिस्ट जे करून घेतो त्याचा पाया तिथं घातला गेला. म्हणजे दादानं आणलेली वस्तू मुळात औषधच आहे. फक्त ती बसून घ्यायची आहे. पाय लोंबकळत असतो तेव्हा बुटाचं सगळं वजन मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतं, जमीन वाटेकरी होत नाही. त्या बुटांचं काम टेबलावर सुरू व्हायचं आणि टेबलावरच संपायचं.

आता ते 82 आणि 103.

2 मिनिटं 50 सेकंद म्हणजे 170 सेकंद. दोन फेऱ्या, प्रत्येकी 85. तू पहिली फेरी 82 मध्ये मारतेस! पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलीला जेवढा वेग लागतो त्याहून तू तीन सेकंद पुढं आहेस. कमजोर पाय 400 मीटर 82 सेकंदांत जात नाहीत, बाई. मग पुढच्या फेरीत 21 सेकंद जातात, कारण पहिल्या 400 मीटरांत तू अंगात होतं नव्हतं ते सगळं उधळून बसलेली असतेस. शिट्टी वाजली की सगळी सुसाट सुटतात, आपण मागं पडलो तर काय, या भीतीनं तूही सुटतेस. पाय उचलत नाहीत हे खरं, पण दुखणं पायाचं नाही. दम टिकत नाही आणि वेग वाटून घेतला जात नाही. दोन्ही गोष्टी सरावानं येतात, आणि दोन्हींत लोखंडाचं काम नाही.

पहिलं काम फुकटातलं आहे. माळावरची तुमची फेरी खरंच 400 मीटरची आहे का? मोबाइलवर विसंबू नकोस, टेप घेऊन मोज आणि दर 100 मीटरला चुना टाक. मग 200 मीटरच्या खुणेवर मैत्रिणीला घड्याळ देऊन उभी कर. तिनं तुला ओरडून सेकंद सांगायचे. तिथं 38-39 ऐकू आले तर तू जास्त जोरात सुटलीस, 42-43 आले तर बरोबर आहेस. सुरुवातीला हा वेग फार संथ वाटेल, सगळी पुढं निघून जातील, जीव खालीवर होईल. होऊ दे. त्यांतली निम्मी तुला 600 मीटरच्या पुढं भेटतील.

नडगीसाठी पहिले दोन-तीन आठवडे धावणं नाही, पण पडूनही राहायचं नाही. दुखत नसेल तर सायकल चालव. दम वाढवायला सायकल उत्तम, चढावर दोन मिनिटं जोर, दोन मिनिटं हळू, असं आठ-दहा वेळा. भरभर चालताना आणि त्या पायावर दहा उड्या मारताना काहीच दुखेनासं झालं की धावणं सुरू करायचं, तेही एक मिनिट पळ, एक मिनिट चाल, असं दहा वेळा. एक दिवस पळून एक दिवस सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी गप्प असेल तरच पुढची पायरी. डॉक्टरांनी चीर सांगितली, तर यातलं काही नाही. ते सांगतील तेच, आणि मग ही भरती हातची गेली तरी पुढची आहे. हे वाचायला कडू लागेल, पण अर्धवट भरलेल्या हाडावर पळून पूर्ण मोडलेल्या मुलीला पुढचीही भरती मिळत नाही.

पाय पूर्ववत झाले की आठवड्यातले तीन दिवस खरं धावणं पुरतं. एक दिवस तुकड्यांचा: 200 मीटर 42 सेकंदांत, मधे दोन मिनिटं चालणं, असे सहा. जमलं की आठ. मग 400 मीटरचे तीन तुकडे 88 सेकंदांत, मधे चार-पाच मिनिटं विश्रांती, आणि पुढच्या आठवड्यांत ते 85 वर आणायचे. सगळे तुकडे सारखे यायला हवेत. पहिला 80 आणि शेवटचा 95 आला तर तू पुन्हा तीच जुनी चूक करते आहेस. दुसरा दिवस अर्धा-पाऊण तास सावकाश पळायचा, सोबतच्या मुलीशी बोलता येईल इतका सावकाश. मातीवर, डांबरी रस्त्यावर नाही. तिसरा दिवस चढाचा. गावाबाहेर टेकडीची चढण असेलच. दहा-बारा सेकंद पूर्ण जोरात वर, चालत खाली, सहा ते आठ वेळा. तुला पायांवर भार हवा होता ना, तो इथं आहे. चढावर प्रत्येक पावलाला स्वतःचं अंग वर उचलावं लागतं, पाय टेकलेला असतानाच जोर लागतो, आणि पाऊल हळू टेकत असल्यानं नडगीला धक्का कमी बसतो. ग्राउंडच्या आधीचा शेवटचा आठवडा मात्र हलका ठेव.

ताकदीसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा तास. बैठका टाच जमिनीवर ठेवून, सावकाश खाली, जोरात वर, पंधराच्या तीन फेऱ्या. सोप्या वाटायला लागल्या की ज्वारीची पाच किलोची पिशवी छातीशी कवटाळ, मग दहाची. ओट्यावर एका पायानं चढ-उतर, प्रत्येक पायाला दहा-बारा. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली सोडायची आणि वर उचलायची, आधी दोन पायांवर, मग एका. पोटरी बळकट झाली की नडगीवरचा ताण कमी होतो, म्हणून हा व्यायाम तुझ्यासाठी सगळ्यांत मोलाचा. दुखत असेपर्यंत एका पायावरचे प्रकार थांबव. आणि दादाचे बूट इथं वापर. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलायचा, बूट घालून, बाराच्या दोन फेऱ्या. पालथं झोपून टाच कुल्ल्याकडं आणायची, तशाच दोन फेऱ्या. खुब्याची बाजू आणि मांडीमागचा भाग, दोन्ही धावणाऱ्यांत कच्चे राहतात. याच मांड्या तुला 100 मीटरला आणि 4 किलोच्या गोळाफेकीलाही उपयोगी पडतील. मैदानी चाचणी 50 गुणांची आहे, त्यातले 30 या दोन्हींत आहेत, आणि तुझ्या चार पानी पत्रात त्यांचा एकदाही उल्लेख नाही.

पळायला हलका, घोट्याला न काचणारा, अंगठ्यापुढं नखभर जागा राहील असा साधा बूट हवा. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून घे, लाजू नकोस. कोलोरॅडो विद्यापीठात 2016 मध्ये धावपटूंच्या बुटांत त्यांना न सांगता शिशाच्या गोळ्या भरल्या होत्या. प्रत्येक बुटात 100 ग्रॅम वाढले की 3000 मीटरची वेळ सरासरी 0.78 टक्क्यांनी वाढली. तुझ्या 170 सेकंदांत तो सव्वा सेकंदाहून थोडा जास्तच होतो. भरतीत सव्वा सेकंदानं काय होतं ते तुला मी सांगायला नको.

दादाला काय सांगायचं, हा प्रश्न तू दोनदा विचारलास. तुझी घालमेल समजते. ओव्हरटाइम म्हणजे त्याची झोप आहे. पण विचार कर, त्यानं पैसे बूट घेण्यासाठी घातले की तू पोलीस व्हावीस म्हणून? त्याच्यापासून लंगडणं लपवून तू त्याचा मान राखत नाहीस. उद्या कुणा तिसऱ्याकडून कळलं, तर "मला का नाही सांगितलंस" हे त्याला बुटांच्या पैशांपेक्षा जास्त लागेल. रविवारी तो घरी आला की त्याच्या हातात घड्याळ दे आणि पत्रातले आकडे दाखव. म्हण, "दादा, बूट चांगले आहेत, पण पळायचे नाहीत, बसून करायचे आहेत. पळण्यात माझी चूक दुसरीच निघाली, त्यात मला तुझी मदत हवी आहे. रविवारी तू 200 वर उभा राहून वेळ सांगशील का?" माळावर जे निवृत्त सुभेदार तुम्हा मुलांचा सराव घेतात, त्यांनाही असंच विचार. ते चुकले असं म्हणू नकोस. फौजेत भरती झाल्यावर जड बुटांत चालावंच लागतं, त्यांचं आयुष्य त्यात गेलं आहे. "सर, सहा आठवडे बिनवजनाचं करून बघते, वेळ तुम्हीच घ्या," असं म्हटलंस तर ते घड्याळ काढतील असा माझा अंदाज आहे.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. वजनाचे बूट घालून सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ दिसतात. त्यानं जास्त दमायला होतं हे खरं, पण पाय बळकट होत नाहीत, आणि पन्नाशीनंतर पाऊल नीट न उचलल्यानं ठेच लागून पडण्याचा धोका वाढतो. भार हवाच असेल तर पाठीवर छोटी पिशवी घ्या. मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव कमी झाली असेल त्यांनी जड, कडक बुटांच्या वाटेला जाऊच नये; आत जखम झाली तरी कळत नाही. ज्यांना गड चढायला किंवा नोकरीत जड बूट घालावेच लागणार आहेत, त्यांनी ते घालून चालायची सवय थोडी थोडी वाढवावी, धावायची नव्हे.

आणि तुझ्या आईचं. शेवटच्या पानावर ओझरतं लिहिलंस की आईचे गुडघे दुखतात, खाली बसलं की उठता येत नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं वयस्कर माणसांसाठी घरी करायचे व्यायाम बसवले. त्यांत घोट्याला वजन बांधून पाय बळकट करायचे आठवड्यातून तीन दिवस, आणि चालणं वेगळं. हे करणाऱ्यांचं पडणं सुमारे एक तृतीयांशानं कमी झालं. गुडघ्याला सूज किंवा गरमपणा नसेल तर आईला पाठ टेकेल अशा खुर्चीत बसव. आधी दोन आठवडे नुसता पाय, कोणतंही वजन नाही: गुडघा सावकाश सरळ करायचा, पाच आकडे धरायचा, सावकाश खाली. दहा वेळा एक पाय, दहा वेळा दुसरा. मग जुन्या कापडाच्या पिशवीत अर्धा किलो वाळू शिवून घोट्याला बांध. महिन्याभरानं, त्रास नसेल तर, दादाचा बूट. तिच्या पायाला सैल होईल, पण बसल्या जागी लेस आवळली की चालतो. उभं राहायच्या आधी तो काढायचा, एवढं तिला बजावून सांग.

रुग्णालयात जाऊन आलीस की मला कळव. पुढच्या पत्रात एकूण वेळ मागाहून लिही, आधी दुसऱ्या फेरीची लिही.